कंपनी बदलली, टॉवर तोच

इगतपुरीचा घाट चढून आलेला पाऊस घोटीवर उतरला म्हणजे चार महिने हलावयाचें नांव घेत नाहीं. भाताच्या खाचरांना तो अमृतासारखा. परंतु मोबाइल फोनशीं त्याचें कांहीं जुनें वैर असावें, अशी आमची अनेक वर्षें समजूत होती. आमच्या घरांत फोन बोलता ठेवावयाचा तर जागा एकच : गच्चीचा पश्चिमेकडील कोपरा. तेथें एका हातांत छत्री व दुसऱ्या हातांत फोन धरून आम्हीं कित्येकांचे विवाह जमविले, कित्येकांचें सांत्वन केलें. माजघरांत मात्र तो फोन म्हणजे निव्वळ घड्याळ.

हें सारें आम्ही हंसण्यावारी नेत होतों. एका आषाढांत तें हंसें मावळलें.

आमच्या मातोश्रींचें वय ऐंशीच्या पुढें. त्या नाशिकला आमच्या भगिनीकडे राहावयास गेल्या होत्या. मध्यरात्रीं त्यांना धाप लागली. भगिनीनें व तिच्या यजमानांनीं त्यांना तत्काळ इस्पितळांत नेलें, वेळेवर उपचार झाले आणि धोका टळला. परंतु गाडी दारांत येईपर्यंतच्या अर्ध्या तासांत मातोश्रींनीं आपल्या हातानें आमचा नंबर सात वेळां लावला. आम्ही घोटीस माजघरांत निजलों होतों. फोन उशाशींच होता. आणि तिकडे एक यांत्रिक स्वर त्यांना कधीं ‘संपर्कक्षेत्राबाहेर आहे’ म्हणून सांगत होता, तर कधीं ‘नंबर तपासून पाहा’ म्हणून बजावत होता. त्या सात हांका आम्हांस पहांटे गच्चीवर गेल्यावर एकदम कळल्या.

धांवतपळत नाशिक गांठलें, तेव्हां मातोश्री रागावल्या नाहींत. एवढेंच म्हणाल्या, “अरे, मला वाटलें, मीच तुझा नंबर विसरलें.”

जिला विष्णुसहस्रनाम मुखोद्गत आहे, तिनें दहा आंकड्यांसाठीं स्वतःच्या स्मृतीवर संशय घ्यावा, ही गोष्ट आमच्या जिव्हारीं लागली. कंपनी बदलण्याचा निश्चय आम्हीं तेथेंच केला.

कंपनी बदलावयाची, नंबर मात्र बदलावयाचा नव्हता. पूर्वीं हें शक्य नव्हतें. कंपनी सोडली कीं नंबरही सोडावा लागे, आणि मग साऱ्या आप्तेष्टांना नवा नंबर कळवीत बसावें लागे. त्या त्रासाच्या भीतीनें माणसें वाईट सेवाही मुकाट्यानें सोशीत. २५ नोव्हेंबर २०१० रोजीं हरियाणांत व २० जानेवारी २०११ पासून सर्व देशांत ग्राहकाला आपला नंबर बरोबर घेऊन दुसऱ्या कंपनीकडे जाण्याचा अधिकार मिळाला. आरंभीं तो एकाच सेवाक्षेत्रापुरता होता. ३ जुलै २०१५ पासून एका सेवाक्षेत्रांतून दुसऱ्यांत जातांनाही नंबर टिकूं लागला.

रीत कागदावर अगदीं सोपी. ‘पोर्ट’ हा इंग्रजी शब्द व त्यापुढें आपला नंबर लिहून १९०० वर संदेश धाडावयाचा. उत्तरादाखल आठ अक्षर-अंकांचा संकेत येतो. तो आपल्याकडे चार दिवस चालतो. तेवढ्यांत ओळखपत्रासह नव्या कंपनीच्या दुकानीं जाऊन नवें कार्ड घ्यावयाचें. १६ डिसेंबर २०१९ पासूनच्या नियमांप्रमाणें त्याच सेवाक्षेत्रांत हें काम तीन कामकाजी दिवसांत व्हावें लागतें. आतां गंमत पाहा : रेंज नाहीं म्हणून कंपनी सोडावयाची, आणि सोडण्याचा अर्ज धाडण्यास रेंज हवी! अर्थात् पुन्हां गच्ची, पुन्हां छत्री. पहिल्या खेपेस संकेत आलाच नाहीं, कारण मागील बिलाची किरकोळ बाकी राहिली होती. ती भरल्यावर संकेत आला. आणि ज्या कंपनीनें वर्षभर आमच्या तक्रारीला दाद दिली नव्हती, तिच्याच माणसांचे मनधरणीचे फोन दिवसांतून चार-चार वेळां येऊं लागले. तेही घ्यावयाचे तर गच्चीवरच!

असो. चौथ्या दिवशीं जुनें कार्ड निपचित पडलें, नवें जागें झालें, आणि स्वयंपाकघरांत प्रथमच फोन खणखणला. आमच्या सौ.नीं त्या दिवशीं शिरा केला. मातोश्रींनीं नाशिकहून फोन केला व पहिल्याच खेपेस आमचा आवाज ऐकून म्हणाल्या, “बघ, चुकलें नव्हतें मी.”

हा आनंद पंधरा दिवस टिकला. मग एका रात्रीं वादळ झालें, वीज गेली आणि पहांटेपर्यंत नवा फोनही जुन्यासारखाच मुका झाला. शेजाऱ्यांचा मुलगा ह्याच धंद्यांत नोकरीस आहे. त्याच्याजवळ आम्हीं नव्या कंपनीच्या नांवानें खडे फोडण्यास आरंभ केला, तेव्हां तो हंसून म्हणाला, “काका, तुम्ही कंपनी बदललीत, टॉवर कुठें बदललात? दोघींच्याही पेट्या त्याच एका टॉवरवर टांगल्या आहेत.”

त्यानें जें समजावून दिलें, तें आमच्या वाचकांच्याही उपयोगी पडेल. टॉवर बहुधा निराळ्याच कंपनीच्या मालकीचा असतो, आणि दोन-तीन सेवा-कंपन्या तो भाड्यानें वापरतात. वीज गेली कीं सगळ्यांचा भार तेथल्या बॅटरीवर. ती कांहीं तासांत संपली आणि जनरेटर चालला नाहीं, तर साऱ्याच कंपन्या एकदम गप्प होतात. पावसाच्या धारा फोनच्या लहरींना फारशा अडवीत नाहींत. मुसळधार पावसांत क्षीण होतात ते एका टॉवरला दुसऱ्याशीं जोडणारे, अधिक सूक्ष्म लहरींचे दुवे. म्हणजे आमचें पावसाशीं वैर नव्हतेंच. माजघराची गोष्ट निराळी. नीच कंपनसंख्येच्या लहरी भिंतींतून अधिक आंत शिरतात, उच्च कंपनसंख्येच्या बाहेरच अडतात. नव्या कंपनीची नीच लहर आमच्या घरापर्यंत पोंचत होती, म्हणून तेवढा लाभ झाला.

तेव्हां कंपनी बदलण्यापूर्वीं प्रत्येक गृहस्थानें प्रथम दोष कोणाचा तें ओळखावें. दोष घराच्या भिंतींचा असेल, तर शेजाऱ्याचें दुसऱ्या कंपनीचें कार्ड आपल्या फोनमध्यें घालून प्रत्येक खोलींत बोलून पाहावें. सेवा-नियामकाच्या २०२४ च्या नियमांन्वयें कंपन्यांना आपल्या जाळ्याचा नकाशाही संकेतस्थळावर ठेवावा लागतो. तो पाहावा, पण शेजाऱ्याच्या अनुभवावर अधिक विश्वास ठेवावा. दोष टॉवरच्या विजेचा असेल, तर कंपनी बदलून कांहीं होत नाहीं. तेथें रीतसर तक्रार करावी, तिचा क्रमांक टिपून ठेवावा आणि दाद न मिळाल्यास त्याच कंपनीच्या अपील-अधिकाऱ्याकडे जावें. एकट्याच्या तक्रारीपेक्षां साऱ्या आळीची तक्रार अधिक ऐकूं जाते. आणखी एक : नंबर बदलीचा संकेत फोनवरून मागणाऱ्या कोणाही अनोळखी माणसाला सांगूं नये. तो म्हणजे घराची किल्लीच.

ह्या खटाटोपांत एक विचार मात्र आम्हांस टोंचत राहिला. आम्हांला निवड तरी होती. घोटीहून कळसूबाईच्या डोंगरांकडे जो रस्ता जातो, तसल्या डोंगरी मुलुखांत ज्या पाड्यावर एकाच कंपनीची रेंज पोंचते, तेथील माणसानें हा अधिकार घेऊन काय करावें? आणि जेथें एकीचीही पोंचत नाहीं, तेथें? केंद्र सरकारनें जुलै २०२२ मध्यें देशांतील अशा २४,६८० गांवांना सेवा पोंचविण्याची योजना मंजूर केली, ह्यावरून अशीं गांवें किती होतीं तें दिसतें. तेथील म्हातारीलाही मध्यरात्रीं धाप लागते. निवडीचा अधिकार मोलाचा खरा. पण निवडावयास दुसरें कांहीं असेल तेव्हांच.

आमच्यापुरता मार्ग निघाला. घरीं तारेवरून येणारें इंटरनेट घेतलें, त्याला छोटी बॅटरी जोडली, आणि टॉवर मुका झाला तरी त्या मार्गानें फोन चालूं लागला. तोही कधीं दगा देईल, हें जाणून समोरच्या घरचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून मातोश्रींच्या पोथीला चिकटवून दिला. त्यांनीं तो वाचला, मान हालविली आणि म्हणाल्या, “हा असूं दे कागदावर. पाठ मात्र तुझाच राहील.”