टपाल तिकिटांची अंगभूत साक्ष

टपाल तिकिटांच्या संग्राहकांची आपल्याकडे वाण नाही. परंतु दर्शनी चित्राने तृप्त झालेली दृष्टी पाठीमागे वळवून जलचिन्ह, कागद आणि दाते यांची रीतसर शहानिशा करणारे विरळाच, आणि तिकिटाची खरी जात तर तेथेच ठरते. दूर कशाला, एप्रिल १९५७ मध्ये दशमान नाणेपद्धती अमलात येताच निघालेली भारताच्या नकाशाची ‘नये पैसे’ मालिका घ्यावी: आरंभीच्या तिकिटांच्या कागदात ताऱ्यांचे जलचिन्ह आहे, १९५८ पासूनच्या छपाईत त्याच्या जागी अशोकस्तंभाचे शीर्ष आले, आणि चित्र तेच राहिल्यामुळे दोन वेगळ्या जातींची तिकिटे एकाच खणात सुखाने नांदत असलेली कित्येक आल्बमांत आढळतात.

जलचिन्हाच्या या पालटांतून राज्यकर्त्यांच्या पालटाचीही नोंद होत गेली आहे. १८५४ साली कलकत्त्यास छापलेल्या बिनदात्यांच्या तिकिटांकरिता वापरलेल्या कागदात कंपनी सरकारचे राजचिन्ह अवघ्या तावभर पसरलेले असल्यामुळे एखाद्या तिकिटाच्या वाट्यास त्याची एखादी रेघ येई, एखाद्यास तीही नाही. पुढे लंडनच्या डी ला रू यांच्याकडे छपाई गेली. १८५५ ची चार व आठ आण्यांची तिकिटे निळसर, तुकतुकीत, जलचिन्हविरहित कागदावर निघाली. १८६५ मध्ये गजमस्तक आले, १८८२ पासून तारा, आणि १९२६ साली नाशिकचा सरकारी छापखाना सुरू झाल्यावर तावभर विखुरलेले अनेक तारे. त्रावणकोरने शंख आणि कोचीनने छत्री पसंत केली, ही संस्थानी ऐट मोठी मौजेची.

हे चिन्ह पाहण्यासाठी तिकीट काळ्या तबकडीत पालथे घालून त्यावर बेंझिनचे चार थेंब सोडतात. चिन्हाच्या जागी कागद पातळ असल्यामुळे ती आकृती क्षणभर गडद उमटते आणि द्रव उडून जाताच लोपते. दिवा अर्थातच दूर हवा, आणि फोटोग्रॅव्हूर छपाईची शाई या द्रवात कधी कधी बिघडते हेही ध्यानात असावे.

दात्यांचे मोजमाप दोन सेंटिमीटर अंतरातील छिद्रांवरून करतात. आडव्या आणि उभ्या कडांचे मान निराळे असल्यास आडवीचे आधी सांगतात. जसे, १४ × १३½. स्वातंत्र्याच्या पहिल्या वर्षदिनी, १९४८ साली निघालेली गांधीजींची तिकिटे स्वित्झर्लंडच्या कूर्व्हाझिये यांनी छापली आणि त्यांचे मान ११½ आहे. त्यांतील दहा रुपयांच्या तिकिटाच्या बनावट प्रती बाजारात फिरत असल्यामुळे खरेदीपूर्वी मोजपट्टी लावलीच पाहिजे. मात्र केवळ दात्यांवर भिस्त ठेवणे धोक्याचे, कारण रुंद कडांचे तिकीट कातरून बिनदात्यांचे म्हणून खपवणे किंवा नवे दाते पाडणे ही धूर्तांची जुनीच विद्या आहे. म्हणून तर जाणकार बिनदात्यांची जोडी असल्याखेरीज मोठी किंमत देत नाहीत.

माझ्या मते या तिघांत कागदाची साक्ष सर्वांत भरवशाची, आणि तीच सर्वांत उपेक्षित. जम्मू-काश्मीर संस्थानाची १८६६ पासूनची तिकिटे हाताने केलेल्या देशी कागदावर आधी पाण्याच्या रंगांत, पुढे तेलाच्या रंगांत छापली गेली. त्या करड्या, ओबडधोबड कागदाची वीण भिंगाखाली एकदा नीट पाहिली की यंत्राच्या गुळगुळीत कागदावरची नक्कल चटकन ओळखू येते. लिफाफ्यावरून सोडवण्यासाठी इतर तिकिटे खुशाल पाण्यात भिजवावीत. पाण्याच्या रंगांतील या तिकिटांना मात्र पाण्याचा स्पर्शही होऊ देऊ नये, कारण शाई वाहून गेल्यावर तपासायला उरतो तो केवळ कागद.