शाळा कुणाची, जिल्हा परिषदेची की महापालिकेची?

जुम्म्याच्या नमाजनंतर पालकांकडून आम्हाला एक प्रश्न नेहमी ऐकू येतो: शाळेत शिक्षक कमी आहेत, अर्ज नेमका कुठे द्यायचा?

हा गोंधळ उगाच नाही. पनवेलची नगरपालिका १८५२ सालची. १ ऑक्टोबर २०१६ रोजी तिची महापालिका झाली आणि आजूबाजूची २९ गावं तिच्यात आली. गावं आली, पण तिथल्या शाळा रायगड जिल्हा परिषदेकडेच राहिल्या. हस्तांतराचा प्रश्न बरीच वर्षं रेंगाळला. खारघर, कामोठे, तळोजा इथली वस्ती वाढत गेली आणि पालक मात्र दोन कार्यालयांत चकरा मारत राहिले.

म्हणून आधी मुख्याध्यापकांना विचारा, आज शाळेचा कारभार कुणाकडे आहे? अर्ज त्यांच्याच शिक्षण विभागाकडे द्या. २००९ चा शिक्षण हक्क कायदा दोघांनाही सारखाच लागू आहे. पहिली ते पाचवीला साधारण ३० मुलांमागे एक शिक्षक, सहावी ते आठवीला ३५ मागे एक. उर्दू माध्यम असो की मराठी, नियम तोच. तक्रार लेखी द्या, पोच घ्या. कलम ३२ प्रमाणे तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हायला हवा.

दुसरी गोष्ट, शाळा व्यवस्थापन समिती. सरकारी शाळेच्या या समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि एकूण निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते, सरकारी अनुदानाच्या खर्चावरही तिची नजर असते. तेव्हा पालकसभेचा निरोप आला की टाळू नका. आपल्या भगिनींनी समितीसाठी नाव जरूर द्यावं. आपण तिथे नसलो, तर आपल्या मुलांची अडचण मांडणार कोण?