मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली संमत झाला आणि पुढच्या वर्षी लागू झाला. मनोरुग्णालयांच्या निर्णयांवर देखरेख ठेवण्यासाठी एका किंवा काही जिल्ह्यांसाठी मिळून पुनर्विलोकन मंडळाची तरतूद त्यात आहे. या मंडळाविषयी ऐकीव गोष्टीच जास्त पसरल्या आहेत आणि त्यांची किंमत दाखल झालेला माणूस मोजतो.

गैरसमज : घरच्यांनी सही केली की रुग्णाला हवे तितके दिवस ठेवता येते.

रुग्णाची उस्तवार घरचे करतात, बिलही तेच भरतात. म्हणून निर्णयही त्यांचाच, असे वाटणे साहजिक आहे. कायदा मात्र आधी रुग्णाची संमती विचारतो. ती देण्याची त्याची स्थिती नसेल, तर मनोविकारतज्ज्ञासह दोघांनी त्याला स्वतंत्रपणे तपासावे लागते. स्वतःला किंवा इतरांना इजा होण्याचा धोका, अथवा स्वतःची काळजी घेण्याची असमर्थता, यांपैकी काहीतरी दिसलेच पाहिजे. अशा प्रकारे दाखल ठेवण्याची मुदत जास्तीत जास्त ३० दिवस. दाखल केल्याची खबर मंडळाला सात दिवसांत द्यावी लागते; स्त्री किंवा अल्पवयीन रुग्ण असल्यास तीन दिवसांत. त्यापुढे ठेवायचे तर मंडळाची मंजुरी लागते.

गैरसमज : मंडळावर न्यायाधीश आणि डॉक्टर, सामान्य माणसाला तिथे स्थान नाही.

अध्यक्षपद जिल्हा न्यायाधीशाकडे, त्या पदास पात्र न्यायिक अधिकाऱ्याकडे किंवा निवृत्त जिल्हा न्यायाधीशाकडे असते, त्यामुळे हा समज होतो. सहा सदस्यांत जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, एक मनोविकारतज्ज्ञ आणि एक डॉक्टरही असतो. उरलेल्या दोन जागा मात्र स्वतः मानसिक आजार अनुभवलेल्यांसाठी, त्यांची काळजी घेणाऱ्यांसाठी किंवा या क्षेत्रातल्या संस्थांच्या प्रतिनिधींसाठी आहेत. कोंडून घातल्यावर माणसाचे काय होते, हे जाणणाऱ्यांना निर्णयात मत असावे, हाच त्यामागचा हेतू.

गैरसमज : दारू सोडवणाऱ्या केंद्राशी मंडळाचा संबंध नाही.

व्यसन हा स्वभावदोष मानला जातो आणि व्यसनमुक्ती केंद्र दवाखान्यासारखे दिसतही नाही. म्हणूनच घरासमोर गाडी येते, चौघे जण माणसाला उचलून नेतात, त्याचा फोन काढून घेतला जातो आणि शेजाऱ्यांना त्यात वावगे वाटत नाही. पण कायद्याच्या व्याख्येनुसार दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्था हा मानसिक आजारच आहे. त्यासाठी दाखल केलेल्या माणसाला इतर रुग्णांसारखेच हक्क मिळतात, मंडळाकडे दाद मागण्याचाही. साखळीने बांधण्यास तर कायद्याने पूर्ण बंदी आहे. तमिळनाडूतील एरवाडीत मनोरुग्णांच्या एका निवासात ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा साखळदंडांत जखडलेल्या रुग्णांना पळताही आले नाही. पंचवीसहून अधिक जण होरपळून मेले.

गैरसमज : मंडळाकडे जायचे म्हणजे वकील, खर्च आणि गावभर बभ्रा.

कोर्टकचेरीच्या अनुभवातून ही धास्ती आली आहे. प्रत्यक्षात अर्जाला शुल्क नाही, सुनावणी बंद दाराआड होते आणि रुग्णाला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. रुग्ण स्वतः, त्याने नेमलेला प्रतिनिधी किंवा त्याच्या संमतीने नोंदणीकृत संस्था अर्ज करू शकते. आत असलेल्या रुग्णाची तोंडी किंवा फोनवरची तक्रारही अपवादात्मक परिस्थितीत मंडळ स्वीकारू शकते. संमतीविना दाखल केल्याविरुद्धच्या अर्जावर सात दिवसांत निर्णय द्यावा लागतो. तो मान्य नसेल, तर ३० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते.