फुग्यांची ताडी

लग्नघरी फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे गोळे, तळायचे तर आदल्या दिवशी ताडी हवीच. पीठ रात्रभर तिच्यावर आंबतं. आमच्या वसईजवळच्या गिरीजच्या घरात ते काम माझ्याकडे असायचं. झाकणाचा डबा घेऊन ताडीच्या दुकानाशी जायचं, उंबऱ्याबाहेर थांबायचं आणि मोठ्याने म्हणायचं, "काका, फुग्यांची द्या." त्या एका शब्दाने आतल्या माणसांना कळायचं की ही पोर बापासाठी न्यायला आलेली नाही. मग काका सकाळची गोड ताडी वेगळ्या मडक्यातून ओतून देत.

बावखलाच्या, म्हणजे गावतळ्याच्या, काठचं ते दुकान म्हणजे ठेंगणं छप्पर, दोन बाकं, आंबूस ओली जमीन आणि माशा. वाडीला पाणी सोडून आलेला शेतकरी, गवंडी, झाडावरून नुकताच उतरलेला भंडारी मामा, सगळे तिथेच. कुणाची गाय विकायची आहे, कौलं शाकारायला कोण मोकळा आहे, हे पप्पांना तिथे कळे. मी अर्थात उंबऱ्याबाहेरून ऐकलेलंच सांगते. आत बाई कधीच नसायची. शनिवारचा पगार तिथे ठेवून येणाऱ्यांच्या घरी रात्री काय चाले, तेही आम्हाला शेजारून ऐकू येई. त्यामुळे त्या दुकानासाठी मी गळा काढणार नाही.

पण ते का गेलं, हे समजून घेण्यासारखं आहे. ताडाच्या फुलोऱ्याचं टोक रोज थोडं छेदायचं, खाली मडकं बांधायचं, सकाळ-संध्याकाळ चढायचं. मडक्यात रस पडतो न पडतो तोच हवेतलं यीस्ट कामाला लागतं. सकाळी गोड, संध्याकाळी आंबट आणि पुढे ठेवली तर शिरका. ताडी साठवता येत नाही, म्हणून माणसांनाच ठरल्या वेळी तिच्याकडे जावं लागे. बाटलीतली बिअर फ्रीजमध्ये वाट बघते, ती एकट्याने घरी पिता येते. इंग्लंडमधले गावोगावचे पब बंद पडताहेत, त्यामागेही सुपरमार्केटातली स्वस्त बिअर हे एक कारण आहेच.

सरकारचा हातही जुनाच. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने परवाना आणि झाडागणिक कर यांचा फास आवळला, तेव्हा ताडी काढणाऱ्या भंडाऱ्यांचा धंदा खिळखिळा झाला. १९४९चा दारूबंदी कायदा आला, पुढे साठच्या दशकात बंदी सैल झाली. पण तोवर चढणाऱ्यांची मुलं नोकऱ्यांकडे वळू लागली होती. ताड पहिल्यांदा रस द्यायला बारा-पंधरा वर्षं तरी घेतो. इमारतीला जागा करायला तो तोडायला एक सकाळ पुरते. बावखलंही बुजली. झाडं कमी आणि गिऱ्हाईक तेवढंच, म्हणून कुठे कुठे पाण्यात क्लोरल हायड्रेट घालून 'ताडी' विकली गेली. तिने माणसं मेली आणि खऱ्या ताडीचंही नाव गेलं.

भाच्याच्या लग्नात मी हट्ट धरला, यीस्टची पुडी नको. एक पोरगा पहाटे मोटारसायकलवरून लांब जाऊन सॉफ्ट ड्रिंकच्या बाटलीत ताडी घेऊन निघाला. उन्हं चढली, बाटली फुगली आणि आमच्या फाटकाशी पोचता पोचता झाकण उडालं. निम्मी ताडी त्याच्या नव्या शर्टावर. उरलेली मी पिठात ओतली. फुगे छान झाले. पोराला मात्र त्याच्या आईने दारातच अडवलं आणि तोंड उघडून वास घेतला.