तीन मीटरांचे अंतर आणि पाच वर्षांचे शिक्षण

बारावीचा निकाल लागल्यावर ज्या घरातील मुलाने अथवा मुलीने वास्तुविशारद होण्याची इच्छा बोलून दाखविली असेल, त्या घरात वडीलधाऱ्यांच्या तोंडून पहिला प्रश्न बहुधा हाच निघतो, की अभियांत्रिकीची पदवी चार वर्षांत हाती येत असता नकाशे काढण्याच्या ह्या विद्येला पाच वर्षे कशाला लागावीत, आणि ती पाच वर्षे जागरणांत, पुठ्ठ्यांच्या कातरणांत व महागड्या कागदांच्या गुंडाळ्यांत का जावीत. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात सुरू होते. परंतु ते पुरते समजून घ्यावयाचे, तर माझ्या मते मुंबईच्या पूर्व उपनगरांतील गोवंडीपर्यंत जावे लागते.

वास्तुविशारद अधिनियम १९७२ साली संमत झाला आणि त्यान्वये स्थापन झालेल्या वास्तुकला परिषदेकडे ह्या व्यवसायाची नोंदवही आली. पाच वर्षांचा, म्हणजे दहा सत्रांचा, मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पुरा करून पदवी मिळविणाऱ्यास त्या नोंदवहीत नाव दाखल करण्याचा हक्क पोहोचतो, आणि नाव दाखल झाले की त्याला स्वतःच्या जबाबदारीवर काम घेता येते. इंग्लंडात पदवी, तिच्यापुढचा उच्च अभ्यासक्रम आणि अखेरची व्यावसायिक परीक्षा असे तीन टप्पे परंपरेने चालत आले असून, कचेरीतील किमान दोन वर्षांचा अनुभव दाखविल्यावाचून तेथे सनद मिळत नसे. आपल्याकडे पदवी आणि सनद यांच्यामध्ये तसा दुसरा उंबरठाच नाही. ज्या तेविशीच्या तरुणाने काल महाविद्यालयाची पायरी सोडली, त्याची सही उद्या एखाद्या सातमजली इमारतीच्या नकाशावर असू शकते; म्हणून व्यवसायाची सारी तयारी, हाताची, बुद्धीची आणि विवेकाचीही, त्या दहा सत्रांच्या आतच व्हावी लागते. येथे वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. ह्या अधिनियमाचे ३७ वे कलम ‘आर्किटेक्ट’ ह्या उपाधीचे रक्षण करते; आराखडे करण्याचे काम त्याने केवळ नोंदणीकृत माणसांपुरते राखून ठेवलेले नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला आहे.

प्रवेशाकरिता ‘नाटा’ नावाची अभिक्षमता परीक्षा २००६ पासून घेतली जाते. प्रवेश मिळाल्यावर विद्यार्थ्याचा बहुतेक काळ ज्या दालनात जातो त्यास स्टुडिओ म्हणतात. तेथे व्याख्यान गौण असते. विद्यार्थ्याने काही काढावे, शिक्षकाने त्यावर पारदर्शक कागद ठेवून दुसरे काही सुचवावे, विद्यार्थ्याने पुन्हा काढावे, आणि सत्राच्या अखेरीस भिंतीवर टाचलेल्या शीट व पुठ्ठ्याचे मॉडेल यांच्यापुढे उभे राहून बाहेरून आलेल्या परीक्षकांच्या, म्हणजे ज्यूरीच्या, प्रश्नांना तोंड द्यावे, असा हा क्रम वर्षानुवर्षे चालतो. स्टुडिओच्या जोडीला बांधकामाच्या पद्धती, संरचनाशास्त्र, हवामान, वास्तुकलेचा इतिहास, पाणीपुरवठा व मलनिस्सारण, अंदाजपत्रके आणि शेवटच्या वर्षांत व्यावसायिक व्यवहार असे विषय येतात. एक पूर्ण सत्र एखाद्या कचेरीत उमेदवारी करण्यात जाते, आणि पाचव्या वर्षी स्वतः निवडलेल्या विषयावर थिसिस सिद्ध करावा लागतो.

मुंबईत ह्या शिक्षणाचे मूळ सर जे. जे. कलाशाळेत आहे. १८५७ साली सुरू झालेल्या त्या शाळेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नकाशे काढणाऱ्या आरेखकांचे वर्ग निघाले, आणि त्यांतूनच पुढे वास्तुकलेचा स्वतंत्र अभ्यासक्रम वाढला. १९२३ पासून वीस वर्षे त्याची धुरा वाहणारे क्लॉड बॅटली यांनी, विद्यार्थ्यांनी जुन्या इमारतींपुढे प्रत्यक्ष जाऊन, टेपने मोजून, त्यांची मोजणी-चित्रे काढावीत हा परिपाठ दृढ केला. १९३६ साली पदविका घेऊन पेरीन मिस्त्री येथूनच बाहेर पडल्या आणि ह्या व्यवसायातील पहिल्या भारतीय स्त्रियांत गणल्या गेल्या. कोकणातील आचऱ्याचे अच्युत कानविंदे येथे शिकून पुढे हार्वर्डला गेले. देवळाचा खांब हाताने मोजल्यावाचून त्याचे प्रमाण उमगत नाही, ही बॅटलींची दृष्टी मला फार मोलाची वाटते. केवळ आज ती टेप कोठे लावावी, ह्याविषयी माझे मत थोडे निराळे आहे.

विद्यार्थी जी तीन मुख्य रेखाटने शिकतो, त्यांपैकी प्लॅन घरमालकाला कळतो आणि एलेव्हेशन रस्त्याने जाणाऱ्याला दिसते. परंतु सेक्शन, म्हणजे इमारत उभी कापली असता आत जे दिसेल त्याचे चित्र, मागणारा गिऱ्हाईक विरळा. आणि तरीही माणसाच्या आरोग्याचा निवाडा बहुशः ह्याच रेखाटनात होतो. गोवंडीतील नटवर पारेख संकुलाचे उदाहरण घ्या. रेल्वे आणि रस्ते यांच्या प्रकल्पांसाठी ज्यांची घरे हलविली गेली, अशा कुटुंबांच्या पुनर्वसनाकरिता बांधलेल्या ह्या वसाहतीत बहुमजली इमारती एकमेकींच्या अगदी जवळ उभ्या असून, अनेक ठिकाणी दोहोंमध्ये जेमतेम तीन मीटरांचे अंतर आहे. मुंबई विषुववृत्ताच्या उत्तरेस १९ अंशांवर असल्यामुळे डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीदेखील सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशच वर येतो. आता पूर्व-पश्चिम जाणारी तीन मीटरांची गल्ली आणि तिच्या दोन्ही अंगांस सारख्या उंचीच्या इमारती कागदावर काढून, दक्षिणेकडील इमारतीच्या माथ्यावरून त्या कोनात किरणाची रेघ ओढा. समोरच्या भिंतीवर ती माथ्यापासून सव्वातीन-साडेतीन मीटर खाली टेकते. म्हणजे जेमतेम एक मजला उन्हात आला; त्याखालचे सारे मजले हिवाळ्यातील त्या दुपारी सावलीत राहिले. गल्ली उत्तर-दक्षिण असली, तर मध्यान्हीच्या सुमारास थोडा वेळ ऊन तळाशी पोहोचते, एवढाच काय तो फरक. हे गणित दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला एका पट्टीने आणि कोनमापकाने दहा मिनिटांत करता येते. ते इमारत बांधण्यापूर्वी करावयाचे होते.

‘डॉक्टर्स फॉर यू’ ह्या संस्थेने आणि आय. आय. टी. मुंबईच्या संशोधकांनी नटवर पारेख, मानखुर्दचे लल्लूभाई कंपाउंड आणि पी. एम. जी. पी. वसाहत अशा एम पूर्व विभागातील तीन वसाहतींत मिळून चार हजारांहून अधिक घरांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०१८ साली पुढे आले. पहिल्या दोन दाटीच्या वसाहतींत क्षयरोगाचे प्रमाण तिसरीपेक्षा पुष्कळ अधिक आढळले, आणि सूर्यप्रकाश व वायुवीजन यांच्या अभावाशी, विशेषतः खालच्या मजल्यांवर, त्याचा संबंध दिसून आला. क्षयाला अपुरा आहार, एका खोलीतील माणसांची दाटी, उशिरा सुरू होणारे उपचार अशी इतर कारणेही असतात, आणि केवळ भिंतींना दोष देणे शास्त्राला धरून होणार नाही. पण हा रोग हवेतून पसरतो. खोलीतील हवा बदलत राहिली तर जंतू विरळ होतात आणि ऊन त्यांना मारते, हे जाणणाऱ्या कोणासही त्या तीन मीटरांकडे निर्विकारपणे पाहता येणार नाही.

ह्यात मनाला खुपणारी गोष्ट ही, की असे अंतर ठेवण्यासाठी कोणाला नियमभंग करावा लागला नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत पुनर्वसनाच्या इमारतींसाठी सवलती ठेवलेल्या होत्या. कमी जागेत अधिक घरे बसावीत म्हणून भोवतालच्या मोकळ्या जागेच्या अटी शिथिल केल्या गेल्या. घराचे क्षेत्रफळ त्या काळी २२५ चौरस फूट होते, पुढे ते २६९ झाले आणि आज ३०० आहे. खोली वाढली, ही समाधानाची गोष्ट खरी, पण खिडकीबाहेर काय आहे हे त्या आकड्यावरून कळत नाही. म्हणूनच व्यावसायिक व्यवहार हा विषय, जो बहुतेक विद्यार्थी परीक्षेपुरता पाठ करतात, तो मला स्टुडिओइतकाच महत्त्वाचा वाटतो. महापालिकेकडे प्रस्ताव दाखल कसा होतो, १८८८ च्या महापालिका अधिनियमातील ३४६ व्या कलमाखाली मिळणाऱ्या ज्या कागदाला साऱ्या मुंबईत आय. ओ. डी. म्हणतात त्यातील अटी कोणत्या, काम सुरू करण्याचा दाखला आणि वापर परवाना यांच्यामध्ये कोणाची जबाबदारी कोठे सुरू होते, हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच नियमात बसणारी पण माणसाला न पेलणारी गोष्ट कोणती हे मालकापुढे आणि अधिकाऱ्यापुढे ठामपणे मांडता येईल. नियमावली किमान मर्यादा सांगते. तिच्यावर किती उभारावयाचे, हे ठरविण्यासाठी सनद दिलेली असते.

गोवंडीत दुसराही पाठ आहे, आणि तो अधिक उमेद देणारा आहे. देवनारच्या कचराभूमीलगत शिवाजीनगर वसले, ते महापालिकेने आखून दिलेल्या दहा फूट बाय पंधरा फुटांच्या जागांवर. त्या चिमुकल्या चौकोनांवर लोकांनी आधी पत्रा, मग विटा, मग पोटमाळा, मग लोखंडी शिडी लावून वरचा मजला, असे हाती पैसा येईल तसे घर वाढविले. नकाशा काढणारा कोणी नव्हता. होता तो वस्तीतलाच ठेकेदार, ज्याला गिऱ्हाइकाच्या दाराशेजारीच राहावयाचे असल्यामुळे वाईट काम करणे परवडत नाही. ह्या घरांतही उजेड-वाऱ्याची उणीव आहे आणि तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तथापि घर हळूहळू वाढू शकते हे तत्त्व तेथे प्रत्यक्ष दिसते. तेच तत्त्व चार्ल्स कोरिया यांनी खाडीपलीकडे बेलापूरच्या गृहरचनेत १९८० नंतरच्या दशकात विचारपूर्वक योजले: लहान अंगणाभोवती सात-सात घरांचे पुंजके, प्रत्येक घर आपल्या स्वतंत्र जमिनीवर, शेजाऱ्याशी भिंत सामाईक नाही, आणि डोक्यावर मोकळे आकाश. शिवाजीनगर आणि बेलापूर एकाच आठवड्यात मोजणाऱ्या विद्यार्थ्याला कमी उंचीच्या दाट वस्तीविषयी जे कळेल, ते ग्रंथालयात बसून कळणे कठीण.

म्हणून माझा आग्रह आहे, की मुंबईतील महाविद्यालयांनी वस्ती-अभ्यासासाठी राजस्थानच्या हवेल्या आणि केरळची घरे अवश्य पाहावीत, पण पाच वर्षांतील निदान एक मोजणी एम पूर्व विभागात करावी. हे काम उपकाराच्या भावनेने होऊ नये. नटवर पारेख संकुलात कम्युनिटी डिझाइन एजन्सी ह्या संस्थेच्या वास्तुविशारदांनी रहिवाशांना बरोबर घेऊन इमारतींमधल्या जागांवर काही वर्षे काम केले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तेथेच गोवंडी कला महोत्सव भरला. त्या दीर्घ सहवासाची सर एका दिवसाच्या सहलीला येणार नाही. विद्यार्थ्याने टेप घेऊन गल्लीत उतरावे, दिवसा दिवा किती वाजता लावावा लागतो हे घरातील बाईंना विचारावे, खिडकी बंद का ठेवतात ते समजून घ्यावे, आणि मग सेक्शन काढावा. शीट पुरी झाल्यावर तिची एक प्रत वसाहतीच्या सोसायटीला आणि दुसरी, तारीख घालून, एम पूर्व विभागाच्या पालिका कार्यालयात द्यावी. पुनर्विकासाचा वा दुरुस्तीचा प्रस्ताव जेव्हा येईल, तेव्हा आहे ती इमारत कशी आहे, कोणत्या मजल्यावर किती उजेड पोहोचतो, मोकळ्या जागेत पुढे कोणी काय बांधले, ह्याची मोजमापांसह नोंद रहिवाशांच्या हाती असेल. ह्याला वेगळा निधी लागत नाही; महाविद्यालयाच्या माळ्यावर दरवर्षी रद्दीत जाणाऱ्या शीट फक्त योग्य दप्तरात पोहोचवावयाच्या आहेत.