मोबाईलच्या डोळ्याची निगा



समजा, डाळिंबाच्या बागेत सकाळची फेरी मारताना आपल्याला चार फळांवर काळपट डाग दिसले. आपण खिशातला मोबाईल काढला, उभ्या उभ्या फोटो घेतला आणि तज्ज्ञांकडे पाठवून दिला. संध्याकाळी उत्तर आले, "फोटो स्पष्ट नाही, पुन्हा पाठवा." दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठवला, पुन्हा तेच उत्तर. शेवटी कंटाळून आपण दुकान गाठले आणि दुकानदाराने पुढे केले ते औषध फवारले.

यात नुकसान कसे होते, ते पाहा. डाळिंबावरचा तेल्या हा जिवाणूंचा रोग आहे. बुरशीमुळेही फळावर डाग पडतात आणि दुरून पाहिले तर दोन्ही डाग सारखेच वाटतात. पण नुसत्या बुरशीसाठी असलेल्या औषधाने तेल्या आटोक्यात येत नाही. तेल्याचा डाग तेलकट, पाणी मुरल्यासारखा दिसतो आणि पुढे त्या जागी फळाची साल तडकते. डागाची कड कशी आहे, त्याला चिरा गेल्या आहेत काय, हे फोटोत दिसले तरच तज्ज्ञ काही सांगू शकतील. फोटो पुसट आला तर औषधाचे पैसे गेले, मजुरी गेली आणि मोलाचे दिवस गेले ते वेगळेच.

अशा वेळी आपण म्हणतो, "फोन जुना झाला, कॅमेरा गेला, आता नवा घ्यायला हवा." माझे सांगणे एवढेच, की नव्या फोनचा विचार करण्याआधी जुन्या फोनची नीट परीक्षा घ्या. बहुतेक वेळा कॅमेरा गेलेला नसतो. त्याच्या डोळ्यावर मळ असतो, त्याला उजेड कमी पडतो, नाहीतर धरणारा हात हलतो.

पहिली गोष्ट मळाची. फोन दिवसभर खिशात, पिशवीत, पिठाच्या डब्याशेजारी, ट्रॅक्टरच्या सीटवर पडलेला असतो. फोनच्या पाठीवरच्या बारीक काचांना आपली बोटे लागतात आणि बोटांचा तेलकटपणा तिथे बसतो. चष्म्याच्या काचेला तेलाचे बोट लागले म्हणजे सगळे जग धुक्यात गेल्यासारखे दिसते, तसेच हे. याची खूण सोपी आहे. रात्री दिव्याचा फोटो काढला आणि दिव्याला लांब मिशा फुटल्यासारख्या दिसल्या, तर काच मळकी आहे असे खुशाल समजा.

आता काच पुसायची कशी? आधी हलकी फुंकर मारून धूळ उडवा. धुळीत वाळूचे कण असतात आणि तशीच काच घासली तर चरे पडतात. मग काचेवर तोंडाची वाफ सोडा आणि धुतलेल्या, कोरड्या, जुन्या मऊ सुती कापडाने हलक्या हाताने पुसा. रॉकेल, टूथपेस्ट, राख यांपैकी काही लावू नका. फोनला कव्हर घातले असेल तर त्याची कड काचेवर येत नाही ना, तेही पाहा. नव्या फोनवर कारखान्यातून चिकटवून आलेली पातळ फिल्म कित्येक जण काढतच नाहीत! तीही तपासा. फोनच्या पाठीवर दोन-तीन डोळे असतील, तर मुख्य डोळा कोणता ते ओळखून ठेवावे. कॅमेरा चालू करून एकेकावर बोट ठेवा. ज्याच्यावर बोट ठेवताच पडद्यावर अंधार होतो, तो मुख्य.

दुसरी गोष्ट उजेडाची. फोटो म्हणजे उजेडाने काढलेले चित्र. भिंगातून आलेला उजेड आत एका लहानशा पट्टीवर पडतो. या पट्टीला सेन्सर म्हणतात. स्टुडिओतल्या मोठ्या कॅमेऱ्यात ही पट्टी ३६ मिलिमीटर लांब आणि २४ मिलिमीटर रुंद असू शकते. साध्या मोबाईलमध्ये तिची लांबी पाच-सहा मिलिमीटर, म्हणजे हरभऱ्याच्या डाळीएवढी. पावसात अंगणात एक परात ठेवली आणि शेजारी एक वाटी ठेवली, तर पाऊस दोन्हींवर सारखाच पडतो, पण परातीत पाणी किती जमते आणि वाटीत किती! मोबाईलची वाटी लहान आहे, म्हणून तिला उजेडाचा पाऊस दमदार हवा.

घरात आपल्याला भरपूर उजेड वाटतो, पण तो आपल्या डोळ्यांच्या सवयीचा गुण आहे. बाहेरच्या लख्ख उन्हाच्या मानाने दिव्याच्या खोलीतला उजेड शेकडो पटींनी कमी असतो. मग कॅमेरा काय करतो? वाटी भरेपर्यंत थांबतो. उन्हात सेकंदाच्या हजाराव्या भागात फोटो होतो, तर अंधाऱ्या खोलीत त्यालाच सेकंदाचा पंधरावा भाग किंवा त्याहूनही जास्त वेळ लागतो. तेवढ्यात हात जरासा हलला की चित्र फराटल्यासारखे होते. शिवाय अपुऱ्या उजेडात चित्रावर वाळू शिंपडल्यासारखे दाणे दिसतात. म्हणून फोटो घरात काढू नका, दारात काढा. जुन्या काळचे फोटोग्राफर गिऱ्हाइकाला खिडकीजवळ का बसवीत आणि "हलू नका" असे का म्हणत, ते आता आपल्या ध्यानात येईल.

पण भर दुपारचे ऊनही कामाचे नाही. त्याने फळाच्या सालीवर पांढरी चकाकी येते आणि डाग झाकला जातो. सकाळी ऊन कोवळे असताना, नाहीतर फळावर आपल्या अंगाची सावली धरून फोटो घ्यावा. सूर्य फळाच्या मागे नसावा.

तिसरी गोष्ट हाताची आणि अंतराची. फोन दोन्ही हातांनी धरा, कोपरे बरगडीला टेकवा आणि श्वास क्षणभर रोखा. फांदी वाऱ्याने हलत असेल तर दुसऱ्या माणसाला ती धरायला सांगा. पुष्कळ जण फळाच्या इतके जवळ फोन नेतात की तो जवळजवळ त्याला टेकतोच. डोळ्याशी अगदी नेलेले पुस्तक जसे वाचता येत नाही, तसेच फोनलाही फार जवळचे दिसत नाही. वीतभर अंतर ठेवा. पडद्यावर जिथे डाग दिसतो तिथे बोट टेकवा, म्हणजे कॅमेरा त्याच जागेवर नजर लावतो. कधी कधी पान सोडून त्याची नजर मागच्या झाडावर जाते. तेव्हा पानामागे आपला तळहात धरा, तो बरोबर पानावर येतो. दोन बोटांनी चित्र ताणून मोठे करण्यापेक्षा दोन पावले पुढे जावे. ताणल्याने बहुधा ठिपके मोठे होतात, माहिती वाढत नाही.

रोगाच्या सल्ल्यासाठी एक फोटो पुरत नाही. एक सबंध झाडाचा, एक फांदीचा आणि एक डागाचा, असे तीन काढावेत. डागाशेजारी एक रुपयाचे नाणे धरले तर डाग केवढा आहे तेही कळते.

दुकानात गेलो की आपल्याला मेगापिक्सेलचा आकडा सांगतात. बारा मेगापिक्सेल म्हणजे एक कोटी वीस लाख ठिपके. आपण अर्ज लिहितो त्या ए-चार आकाराच्या कागदावर उत्तम छपाई करायची झाली तर सुमारे सत्त्याऐंशी लाख ठिपके लागतात. म्हणजे बारा मेगापिक्सेल आपल्या कामाला पुरून उरतात. नुसत्या मोठ्या आकड्यावर भुलू नका.

आणखी एक मेख आहे. फोटो चांगला निघाला, तरी व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवताना तो दाबून लहान केला जातो. पोते भरून माल निघाला आणि पोचला पसाभर, अशी गत होते. तज्ज्ञांना पाठवायचा फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे तो आहे तसा पोचतो.

आता परीक्षा कशी घ्यायची, ते सांगतो. शिक्षक मित्रांनी ही शाळेत मुलांकडून करून घ्यावी, विज्ञानाचा एक छान पाठ होईल. सकाळी ओसरीच्या भिंतीवर वर्तमानपत्राचे पान चिकटवा. समोर हातभर अंतरावर पुस्तकांच्या चळतीवर फोन उभा टेकवा. पडद्यावर अक्षरांवर बोट ठेवा आणि टायमर लावून, फोनला हात न लावता, फोटो निघू द्या. काच पुसण्याआधी एक आणि पुसल्यावर एक असे दोन फोटो घ्या. मग तोच प्रयोग घराच्या आत करा आणि चारही फोटो शेजारी शेजारी पाहा. मळ काय करतो आणि उजेड काय करतो, हे मुलांना न सांगता कळेल.

ओसरीवरच्या फोटोत अक्षरे स्वच्छ आली तर कॅमेरा ठणठणीत आहे, पैसे खिशातच राहू द्या. सगळ्या फोटोंत एकाच जागी काळा ठिपका येत असेल, किंवा जवळचे, लांबचे काहीच स्पष्ट येत नसेल, तर मात्र आतला बिघाड समजावा. तरीही आधी फोन बंद करून पुन्हा चालू करा. फोनमधली जागा भरली असेल तर जुने व्हिडिओ काढून टाका, कारण जागा नसली की कॅमेरा अडखळतो. पावसाळ्यात काचेच्या आत वाफ धरली असेल तर फोन कोरड्या, हवेशीर जागी ठेवा. तांदळाच्या डब्यात पुरू नका, तांदळाची पिठी आत शिरते. एवढे करूनही गुण आला नाही, तरच दुरुस्तीवाल्याकडे जावे.

मोटारसायकल चालवणाऱ्यांसाठी एक सूचना. हात हलला तरी चित्र हलू नये म्हणून काही फोनच्या भिंगाला आतून नाजूक आधार दिलेला असतो. इंजिनाची जोराची थरथर हँडलवरून फोनला सतत पोचली तर हा आधार बिघडू शकतो, अशी सूचना ॲपल कंपनीने २०२१ साली आपल्या फोनबाबत दिली होती. फोन हँडलला अडकवण्यापेक्षा खिशात ठेवलेला बरा.

शिक्षकांना शिष्यवृत्तीच्या अर्जांचे, दाखल्यांचे फोटो पाठवावे लागतात. त्यांनी कागद दाराजवळ सपाट ठेवावा, फोन बरोबर वरून धरावा, आपली सावली कागदावर पडू देऊ नये आणि फ्लॅश बंद ठेवावा. एखाद्या मुलाच्या नावातले अक्षर पुसट आले म्हणून त्याचा अर्ज परत येऊ नये. आणि २०२१ साली राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतातल्या पिकाचा फोटो नोंदीला जोडावा लागतो, हे तर आपण जाणताच.

मंडळी, पूर्वी आपण विळ्याला धार लावल्याशिवाय कापणीला निघत नव्हतो. मोबाईल हेही आता शेतीचे आणि शाळेचे अवजार झाले आहे. फोटो काढण्याआधी काच पुसायची, उजेड पाहायचा, हात स्थिर धरायचा, एवढी सवय लावून घ्या. आज संध्याकाळी घरातल्या सगळ्या फोनच्या काचा पुसून पाहा आणि उद्या सकाळी एक फोटो काढा. कदाचित नव्या फोनसाठी बाजूला काढलेले पैसे बियाण्याच्या कामी येतील.