ग्रंथपालाची पेटी

नायगावच्या बीडीडी चाळींत वाढलेल्या माणसाला पुस्तक आणि करमणूक यांचे वैर कधी कळलेच नाही. १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग आमच्या नायगावात आणि त्याच्या आवारात शारदा टॉकीज. एकीकडे पुस्तकासाठी थांबायचे, दुसरीकडे तिकिटासाठी. शिवाय चाळीच्या मैदानात जयंतीला रात्ररात्र चालणारा भीमगीतांचा सामना. आमच्या पिढीतील अनेकांचे शिक्षण या तिन्ही ठिकाणी मिळून झाले.

याच वस्तीतील एका ग्रंथपालाविषयी आज लिहायचे आहे. त्यांचे नाव मुद्दाम देत नाही, कारण प्रश्न एकट्या त्यांचा नाही. मध्य मुंबईतील एका छोट्या सार्वजनिक ग्रंथालयात ते वीसएक वर्षे काम करतात. ग्रंथालयशास्त्राचे शिक्षण घेतलेले. सकाळी कुलूप उघडणे, वर्तमानपत्रे मांडणे, पुस्तकांची देवघेव, दाखल नोंदवहीत नोंदी, फाटलेल्या पुस्तकांची बांधणी, वर्गणीची पावती आणि वर्षाअखेरीस अनुदानासाठी अहवाल, ही सारी कामे ते एकटेच करतात. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या पोरांना कोणते पुस्तक कोणत्या कपाटात आहे, हे ते न बघता सांगतात.

पण त्यांची खरी हौस पेटीची. हार्मोनियमवर हात असा, की कव्वालीच्या सामन्यात गायकाला धाप लागली तरी पेटी त्याला पडू देत नसे. जुने हिंदी सिनेमे त्यांना संगीतकारांच्या नावांसकट पाठ. कामगार कल्याणच्या नाट्यस्पर्धेत एकदोनदा कामही केले. कार्यकारिणीतील एका सभासदाने त्यावर टोमणा मारला होता, "ग्रंथपालाला हे शोभते का?" हा सभासद वेगळ्या वर्गातील होता, म्हणून आम्हांला राग आला. पण खरे सांगायचे तर मीही एकदा त्यांना म्हणालो होतो, "भाऊ, गाण्याबजावण्यात रात्री घालवता, त्याऐवजी चळवळीवर एखादे पुस्तक लिहून काढा." ते फक्त हसले होते.

मध्यंतरी ते कोर्टाच्या आवारात भेटले. "जयभीम वकीलसाहेब. काही दिवस झाले, पेटी माळ्यावर ठेवली," ते म्हणाले. कारण विचारले तर कळले, की ग्रंथालय बंद करून ते आता रात्री अकरापर्यंत एका दुकानाचे हिशेब लिहितात. ग्रंथालयाच्या पगारात मुलीची फी भागत नाही. माझा टोमणा मला त्या क्षणी आठवला आणि लाज वाटली. मी ज्याला वेळेचा अपव्यय म्हणालो होतो, तो वेळच त्यांच्या हातून गेला होता.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली पाच सूत्रे मांडली. त्यांतील चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे. ग्रंथपाल आयुष्यभर तेच करतो. मग दुसऱ्यांचा वेळ वाचवणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या वेळेचे काय? त्याचा विचार कोणी करायचा?

महाराष्ट्राने १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, १९७० साली अनुदानाचे नियम केले. ग्रंथालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी झाली आणि वर्गाप्रमाणे अनुदान ठरले. पण अनुदान मिळते संस्थेला. त्या अनुदानाच्या एका हिश्शातून कर्मचाऱ्याचा पगार भागवायचा. शाळा-महाविद्यालयातील ग्रंथपालाला वेतनश्रेणी आहे, सार्वजनिक ग्रंथालयातील ग्रंथपालाला मात्र वेतनश्रेणी व सेवाशर्तींसाठी वर्षानुवर्षे मोर्चे काढावे लागले आहेत. शिक्षण तेच, पुस्तके तीच, काम तेच. मग हा भेद कशासाठी?

करमणूक ही पोट भरलेल्यांची चैन आहे, असे कोणी म्हणेल. आपल्यातही तसे म्हणणारे आहेत. त्यांनी बाबासाहेबांचे १९४५ सालचे काँग्रेस आणि गांधी यांच्याविषयीचे पुस्तक काढून गांधीवादावरचे प्रकरण वाचावे. यंत्रांना विरोध करणाऱ्या विचारसरणीला बाबासाहेबांनी तिथे दिलेले उत्तर फुरसतीच्या मुद्द्यावर उभे आहे. पोटासाठी राबण्यातच ज्याचा सारा दिवस जातो, त्याच्या आयुष्यात आणि जनावराच्या आयुष्यात फरक उरत नाही. माणसाला संस्कृती हवी असेल तर आधी फुरसत हवी आणि ती सर्वांना हवी, मूठभरांना नव्हे. हा त्यांचा युक्तिवाद. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना त्यांनी तो कायद्यात उतरवला. कारखान्यातील कामाचा आठवडा ४८ तासांवर आणणारी १९४६ची दुरुस्ती त्यांच्याच खात्याची.

पुढे संविधान आले. त्यातील अनुच्छेद ४३ वकिलांच्या तोंडी फारसा येत नाही. शेतीतील, उद्योगातील किंवा अन्य कोणत्याही कामगाराला निर्वाहापुरते वेतन आणि चांगले जीवनमान तर मिळावेच, पण फुरसतीचा आणि सामाजिक-सांस्कृतिक संधींचा पुरेपूर उपभोगही घेता यावा, यासाठी राज्याने झटावे, असे तो सांगतो. 'अन्य' या शब्दात आमचा ग्रंथपाल बसतो. त्याची पेटीही बसते. हे मार्गदर्शक तत्त्व असल्याने त्याच्या जोरावर कोर्टातून थेट आदेश मिळत नाही, हे खरे. पण कायदे करताना ही तत्त्वे लागू करणे राज्याचे कर्तव्य आहे, असे अनुच्छेद ३७ बजावतो. त्या कर्तव्याची आठवण करून देणे हे चळवळीचे काम आहे.

फुरसत मिळालेला ग्रंथपाल काय करू शकतो? इंग्लंडमधील फिलिप लार्किन १९५५ पासून १९८५ साली मृत्यू होईपर्यंत हल विद्यापीठाचा ग्रंथपाल होता. त्याच काळात तो इंग्रजीतला मोठा कवी झाला, आणि १९६१ ते १९७१ अशी दहा वर्षे 'डेली टेलिग्राफ'मध्ये जॅझवर लिहीत राहिला. जॅझ म्हणजे अमेरिकेतील काळ्या माणसांनी घडवलेले संगीत. पोटासाठी रात्री दुकानाचे हिशेब लिहावे लागले असते, तर हे सारे त्याला जमले असते का?

आपल्याकडचे उदाहरण सिद्धार्थ महाविद्यालयाचे ग्रंथपाल शां. शं. रेगे यांचे. बाबासाहेबांच्या निकट राहून त्यांनी आठवणी लिहून ठेवल्या, म्हणून तो ग्रंथवेडा महामानव आपल्याला जवळून दिसतो. आणि राजगृहासारखे घर पुस्तकांसाठी बांधणाऱ्या त्याच बाबासाहेबांनी उतारवयात हाती व्हायोलिन घेतले होते, हे आपण जयंतीच्या भाषणात फारसे सांगत नाही. पुस्तकाला सूर वर्ज्य असते, तर त्यांनी ते घेतले असते का?

म्हणून मागणी सरळ आहे. सार्वजनिक ग्रंथालयांतील कर्मचाऱ्यांना वेतनश्रेणी आणि सेवेचे संरक्षण देणारी दुरुस्ती १९६७च्या कायद्यात झाली पाहिजे. आणि सरकारकडे बोट दाखवण्याआधी आपणही आपल्या विहारांतील वाचनालयांकडे पाहावे. तिथे पुस्तके सांभाळणाऱ्या तरुणाला आपण काय देतो? बहुतेक ठिकाणी एक शाल आणि एक नारळ!

नायगावच्या चाळींच्या जागी आता टॉवर येत आहेत. नव्या घरांत माळे नसतील. भाऊंची पेटी त्याआधी खाली उतरली पाहिजे.